दुहेरी धागा

राइस मिलच्या दारातच ओमेश्वरी थांबली. तिचा धाकटा भाऊ योगराज तिच्याकडे पाठ करून ओट्यावर उभा होता आणि टोपलीतलं धान यंत्राच्या तोंडात ओतत होता. त्याच्या डाव्या हातापासून वीतभर अंतरावर मोटरवरून आलेला लांब बेल्ट फिरत होता. आणि त्याच डाव्या बाहीची पट्टी सुटली होती.

ती पट्टी ओमेश्वरीनेच शिवलेली. बाहीच्या आतून, कोपराच्या वर, चार बोटं लांब. पोती उचलताना बाही खाली सोडायची, म्हणजे धानाची कुसं हाताला लागत नाहीत. बेल्टजवळ जाताना बाही वर गुंडाळायची आणि आतली पट्टी बाहेर काढून दंडावरच्या बटणाला लावायची, म्हणजे बाही घसरत नाही. उजवी पट्टी लावलेली होती. डावी लोंबत होती. बेल्टच्या वाऱ्याने ती उडायची, बेल्टकडे जायची, परत दंडाला चिकटायची.

तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. बेल्टजवळच्या माणसाला मागून हाक मारायची नाही. हाक ऐकून माणूस वळतो, आणि वळताना हात कुठे जातो ते त्याला कळत नाही. हे बाबूजींनी सांगितलं होतं. चार महिन्यांपूर्वी याच बेल्टने बाबूजींना ओढून घेतलं, तेव्हा त्यांना कोणी हाक मारली नव्हती.

त्याच्यासाठी आणलेल्या जेवणाच्या डब्याची कडी तिच्या मुठीत रुतत गेली. योगराजने टोपली उलटी करून झटकली. एकदा. मग पुन्हा. पट्टीचं टोक बेल्टला लागलं. लागून परत आलं.

तो ओट्यावरून उतरला. पलीकडे सेवकरामने जेवणासाठी मोटर बंद केली. बेल्ट काही वेळ आपल्याच जोराने फिरत राहिला. तो पूर्ण थांबेपर्यंत ओमेश्वरी आत गेली नाही.

"ताई, तू केव्हा आली?"

"पट्टी काऊन नाई लावली?"

"काज लय ताठ आहे तुहं. एका हातानं लागत नाई." योगराज हसला. "शर्ट शिवला का तिजोरी?"

 तिने स्वतःच त्याची पट्टी लावायला घेतली. काज खरंच ताठ होतं. पट्टी आपोआप सुटू नये म्हणून तिने ते मुद्दाम लहान ठेवलं होतं. बटण मात्र दुहेरी धाग्याचं, खाली चार वेढे, वर गाठ. तिने ते ओढून पाहिलं. हललं नाही. तिला जरा बरं वाटलं.

सेवकराम हात धुवायला आला. वीस वर्षं तो बाबूजींच्या बरोबरीने याच यंत्रावर होता. बाबूजींचं पाहून त्यानेही बाह्यांना तशाच पट्ट्या शिवून घेतल्या होत्या. त्याचं एक बटण एका धाग्यावर लोंबत होतं.

"काका, थांबा. लावून देते. पडून राहिलं ते." ओढणीला टोचलेली सुई तिने काढलीसुद्धा.

"राहू दे पोरी. मी असंच ठेवतो."

"असं?"

"बेल्टनं पट्टी धरली का पयले बटन गेलं पायजे. बटन गेलं का पट्टी सुटते. हात आपल्यापाशी राहते." त्याने गडव्यातल्या पाण्याने चूळ भरली. "तुह्या बापाले, लखनलालले मी केव्हाचा सांगत होतो. आयकेच ना तो. उलटा आमालेच बटन ओढून दाखवे. म्हने, शर्ट फाटंल, पन माह्या पोरीनं लावलेलं बटन..."

 त्याने गडवा खाली ठेवला. मग योगराजला "जेवून घे पोरा" म्हणत तो शेडबाहेर निघून गेला.

घरी पेटीच्या तळाशी बाबूजींचा शर्ट होता. ते गेले त्या दिवशी दवाखान्यातून पिशवीत घालून दिलेला. डावी बाही खांद्यापासून फाटून वेगळी झाली होती. तिच्यावरची पट्टी अजून बटणाला लावलेलीच होती.

"ताई? काय झालं?"

"हात दे इकडे."

तिने बटणाखालचा धागा दातात धरला. तो तुटायला वेळ लागला. बटण हातात आल्यावर तिने काजाचे दोन टाके उसवले, ते सैल केलं. मग सुईत एकेरी धागा ओवू लागली. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा ओवला गेला. बटणाला दोनच टाके घातले, गाठ मारली नाही.

"आता दुसरा."

दोन्ही झाल्यावर योगराजने एका बटणाला टिचकी मारली. ते हललं.

"हे काय शिवणं आहे का? संध्याकाळलोक पडून जाईल."

"पडलं का घेऊन ये," ती म्हणाली. "मी रोज लावून देईन."

त्याने डबा खाल्ला. ती समोरच्या पोत्यावर बसून त्याचे हात पाहत राहिली. सेवकराम परत आला, तिच्याकडे न पाहता मोटरपाशी गेला. बेल्ट थरथरला, सरकला, मग इतक्या जोरात फिरू लागला की जागेवर थांबल्यासारखा दिसला. योगराज बाह्या वर करून ओट्यावर चढला.

ओमेश्वरी दारात उभी होती. जुन्या धाग्याचा एक तुकडा तिच्या दातांत अडकला होता. जिभेने तो निघत नव्हता, तुटतही नव्हता.