दुरुस्तीसह ठराव

"हीसुद्धा पळवाट बंद करून टाकू," वकीलसाहेब म्हणाले, आणि सभागृहाने बाकं वाजवली.

बाप्टिस्ट मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या, संघाचं वार्षिक अधिवेशन, दिवस तिसरा. चारशे प्रतिनिधी, आठ पंखे, त्यातले पाच चालू. वकीलसाहेबांनी मांडलेला ठराव एका ओळीचा होता: बाईने दिलेला बाप्तिस्मा, आजवरचा असो की पुढचा, संघ ग्राह्य धरणार नाही. असा बाप्तिस्मा देणारी बाई चारशेंमध्ये एकच होती आणि ती शेवटून तिसऱ्या बाकावर बसली होती. तीस वर्षं दवाखान्यात सिस्टर म्हणून काढल्यावर एका लहानशा मंडळीने तिला आपली पाळक, म्हणजे धर्मगुरू, नेमलं होतं. लोक पाळकबाई म्हणत. वकीलसाहेब मात्र 'आपल्या ताई' म्हणत, म्हणजे पाळक म्हणायची वेळच येत नसे.

पळवाट शोधून काढली होती एका शिंप्याने. "समजा, ताईंनी एखाद्या पुरुषाला बाप्तिस्मा दिला आणि उद्या तोच इतरांना द्यायला लागला, तर? तो तर पुरुषच!" प्रश्न बिनतोड होता. वकीलसाहेबांनी उभ्या उभ्या दुरुस्ती लिहिली: ज्याचा स्वतःचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही, त्याने दिलेलाही ग्राह्य नाही, त्याच्याकडून घेतलेल्यांनी पुढे दिलेलाही नाही, साखळी कितीही लांब जावो. वकीलसाहेबांच्या मसुद्यातून मुंगीदेखील निसटत नाही, असा त्यांचा लौकिक होता.

दुरुस्ती मताला टाकली. सटासट हात वर गेले. पाळकबाईंनीही हात वर केला.

"बाई!" शेजारच्या गवंडीकाकूंनी त्यांचा दंड धरून खाली ओढला. "अहो, तुम्हीच?"

काकूंचा जीव टांगणीला लागला होता. त्यांचे यजमान जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती उभ्या करत राहिले आणि देवाच्या दारात आले ते एक्क्याऐंशीव्या वर्षी. बाप्तिस्म्याच्या थंडगार पाण्यात पाळकबाईंनी त्या हाडकुळ्या म्हाताऱ्याच्या पाठीखाली हात घातला, बाळाला धरावं तसं पाण्याखाली नेलं आणि वर काढलं. वर आले ते हसतच. तीन आठवड्यांनी गेले. आता हे लोक म्हणणार, तो बाप्तिस्मा झालाच नाही. मग गेलेल्या माणसाला पुन्हा पाण्यात कसं उतरवायचं? काकू सकाळपासून एवढंच विचारत होत्या. पाळकबाईंच्या पिशवीत तीन पानी भाषण होतं, बायबलमधल्या वचनांनी ठासून भरलेलं, आणि त्याने एकही मत हलणार नाही हे त्या पुरतं ओळखून होत्या. पण दुरुस्ती वाचली गेली आणि त्यांनी ते भाषण दुमडून पिशवीच्या तळाशी सारलं.

"ठरावावर कुणाला बोलायचंय?" अध्यक्षांनी विचारलं. ते निवृत्त मुख्याध्यापक होते, त्यामुळे कुणी हात वर केला की त्यांना बरं वाटायचं.

पाळकबाई माइकपाशी गेल्या. वॉर्डातून फिरायच्या तशाच, घाई न करता.

"भाषण करत नाही. वकीलसाहेबांना दोन प्रश्न आहेत फक्त. ज्याचा बाप्तिस्मा ग्राह्य नाही, त्याला इथे मत देता येतं का?"

"छे छे! नियमावलीचं पहिलंच कलम आहे, ताई. बाप्तिस्मा नाही तर सभासदत्व नाही, आणि सभासदत्व नाही तर मत नाही." वकीलसाहेब भलतेच खुशीत होते. विरोधक इतक्या सोप्या चेंडूने सुरुवात करेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"बरं. आता दुसरा. आपला संघ सुरू झाला तो पहिल्या सात जणांपासून. तुमचे पणजोबा त्यांतलेच. त्या सातांनी पुढच्यांना बाप्तिस्मा दिला, त्यांनी आपल्या आजोबांना, असं करत करत आज इथे बसलेले आपण सगळे. त्या सात जणांना बाप्तिस्मा कुणी दिला?"

उत्तर लहान पोरांनाही पाठ होतं. संस्थापक पाळक तापाने अचानक गेले. सात माणसं नदीवर खोळंबली होती. तेव्हा पाळकांची बायको अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरली आणि तिने सातही जणांना बाप्तिस्मा दिला. दर अधिवेशनाच्या पहिल्या सकाळी तिच्या कबरीवर फुलं वाहिली जात. परवा ती वकीलसाहेबांनीच वाहिली होती. शंभर वर्षं सगळे तिला 'मातोश्री' म्हणत आले, आणि मातोश्री म्हणजे बाईच असणार, हे मात्र कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

वकीलसाहेबांचा हात आपसूक समोरच्या मसुद्याकडे गेला.

"म्हणजे आमचे हे आणि वकीलसाहेबांचे पणजोबा सारखेच की हो!" गवंडीकाकूंचा आवाज खणखणीत आला. कुणीतरी फिस्सकन हसलं, मग बाकामागून बाक हसत सुटलं. पाळकबाईंना हसू आलं नाही. काकूंचा उजळलेला चेहरा पाहून त्यांचे डोळे भरून आले होते.

"शांतता!" अध्यक्षांनी टेबलावर हातोडा आपटला. "वकीलसाहेब, ठराव तुमचा, दुरुस्तीही तुमचीच. तुम्हीच सांगा, मत घ्यायचं का?"

वकीलसाहेबांनी मसुदा पुन्हा वाचला. एकदा बोट ठेवून, एकदा न ठेवता. निसटायला जागा नव्हती. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता. त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्या बाकापासून दारापाशी दाटीवाटीने उभ्या असलेल्यांपर्यंत सगळ्यांवरून नजर फिरवली.

"मत घेणार कुणाचं, अध्यक्षसाहेब?" ते म्हणाले. "ठरावाप्रमाणे सभागृहात कुणीच नाही."