खाट कोणाच्या घरात?

खोली दुभागायला मध्ये लावलेले कपाट भिंतीपर्यंत पोहोचले नाही, आणि उरलेल्या जागेत तात्यांची खाट आली. त्यामुळे तात्यांचे डोके थोरल्या मुलाच्या घरात होते आणि पाय धाकट्याच्या. कालपर्यंत ही एकच खोली होती, घर एकच आणि विजेचा मीटरही एकच.

वीज महागली तशी सरकारने मदत जाहीर केली होती. दोनशे युनिटांच्या आतल्या प्रत्येक मीटरला. या घरातली सात माणसे मिळून तीनशे चाळीस युनिटे जाळत, म्हणून त्यांना काही मिळत नसे. समोरच्या घरात दोघेच राहत, दोघेही मोठ्या पगाराचे. त्यांना मात्र पूर्ण मदत मिळे. तात्यांची हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली होती. या तराजूत खोट असल्याचे त्यांना जाणवत होते, पण ती कोणत्या पारड्यात आहे ते काही केल्या सापडत नव्हते. म्हणून मुलांनी दुसऱ्या मीटरचा अर्ज केला तेव्हा ते ‘हो’ही म्हणाले नाहीत आणि ‘नाही’ही.

निरीक्षक आला, तो थेट धाकट्या सुनेच्या नव्या स्वयंपाकघरात गेला. गॅलरीत मांडलेल्या शेगडीवरचे कागदी लेबलसुद्धा अजून निघाले नव्हते. त्याने पातेल्यावरचे झाकण उचलले.

“नुसतं पाणीच उकळतंय, ताई.”

“मग काय, थंड पाण्यात शिजवायचं का?” धाकटी म्हणाली.

कपाटाआडून थोरली फिस्सकन हसली आणि तिने चटकन तोंडाला पदर लावला. दोघींचे गेले सहा महिने पटत नाही, असे अर्जात लिहिले होते.

निरीक्षकही हसला. माणूस वाईट नव्हता. “माझ्या बापाचं काय जातंय! दोन चुली दिसल्या, दोन लिहिल्या,” असे म्हणत तो बाहेरच्या खोलीत आला आणि खाटेपाशी थबकला. “आजोबा कोणाकडे?”

“माझ्याकडे,” दोन्ही मुलगे एका सुरात म्हणाले.

तात्यांना बरे वाटले. नाकातली नळी सावरून ते उठून बसले.

“एक माणूस दोन घरांत नाही चालायचा,” निरीक्षक म्हणाला. त्याची नजर खाटेखालच्या ऑक्सिजनच्या यंत्राकडे गेली. “हे रोज किती तास चालतं?”

“दहा,” तात्यांनी अचूक सांगितले. “महिन्याला नव्वद युनिटं.”

निरीक्षकाने कागदाच्या कोपऱ्यात आकडे मांडले. “म्हणजे यंत्र सोडून दोन्ही घरं सव्वाशे-सव्वाशेवर. आजोबा ज्यांच्याकडे, ते दोनशे पंधरावर. त्यांची मदत गेली.”

“आजारी माणसाच्या यंत्राला सूट नाही?” तात्यांनी विचारले.

“आहे की. रुग्णालयांना.”

मग थोरला धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून अतिशय मायेने म्हणाला, “तात्यांचा पहिल्यापासून तुझ्यावरच जीव. मी कशाला मध्ये येऊ?”

“असं कसं, दादा? थोरल्याचा मान आहे. मी तो हिरावून घेऊ?”

“अरे, मान कसला! तूच ठेव.”

“नाही नाही, तुझ्याकडेच शोभतात ते.”

तात्या दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. लबाडी कोण करत होते? मुलांच्या चेहऱ्यांवर ती दिसत नव्हती. दोघांचेही डोळे भरून आले होते. निरीक्षक तर नियमाबाहेर एक अक्षर बोलला नव्हता. आणि नियम करणाऱ्याने या खाटेचा विचार केला नसेल, हा काही त्याचा गुन्हा म्हणता येत नव्हता. तात्यांनी मनातल्या मनात सगळे पुन्हा एकदा तोलून पाहिले. काटा मध्यावर येईना.

त्यांनी वाकून यंत्राचे बटण बंद केले. “हे नकोच. दोघांचंही भागेल.”

“तात्या!” दोन्ही सुना एकदमच धावल्या. थोरलीने बटण पुन्हा चालू केले, धाकटीने त्यांची पाठ धरली, आणि सहा महिने न पटणाऱ्या त्या दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून तिथेच खाली बसल्या.

निरीक्षक अवघडला. त्याने अर्ज चाळला आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला. “हे बघा, इथे तिसरा रकाना आहे. पाहुणे. पाहुण्याची युनिटं घरात धरत नाहीत. आजोबांना पाहुणे लिहून टाकतो. दोघांनाही मदत मिळेल आणि यंत्रही चालेल.”

मुलांनी सुटकेचा श्वास सोडला. “वा! मग लिहा ना,” थोरला म्हणाला. धाकट्याने निरीक्षकाला बसायला खुर्ची पुढे केली.

“फक्त मुक्काम लिहावा लागतो.” निरीक्षकाने पेन उघडून तात्यांकडे पाहिले. “अजून किती दिवस राहणार म्हणून लिहू, आजोबा?”

खुर्ची देणारा हात तसाच राहिला. थोरला मान वळवून कपाटाकडे पाहू लागला.

तात्यांनी विचार केला. उभ्या आयुष्यात त्यांनी अंदाजाने एकही आकडा लिहू दिला नव्हता.

“तुमच्याकडे,” त्यांनी विचारले, “जास्तीत जास्त किती लिहिता येतात?”

निरीक्षक अर्ज उलटून मागची बारीक अक्षरे वाचू लागला. यंत्राचा आवाज तेवढा दोन्ही घरांत सारखाच ऐकू येत होता.