अर्धी गोळी

दुधाचा पेला नवऱ्याच्या हातात होता आणि फोनवर डॉक्टरीणबाई विचारत होत्या, "दिलीत का त्यांना?"

"अजून नाही," ती म्हणाली.

गोळी तिचीच होती, केमोनंतरच्या उलट्यांसाठी दिलेली. मुलगी सकाळी जाता जाता म्हणाली होती, "आई, वेडाच्या आजारावरही हीच देतात. बाबांना अर्धी दे. तुलाही जरा पाठ टेकता येईल."

नवरा सुतार. डोक्याने दगा दिला होता, हात मात्र शाबूत होते. सकाळपासून तो दाराच्या बिजागऱ्या खोलत होता. स्वतःच्याच घरात असून त्याला घरी जायचं होतं. अडवायला गेली तर त्याने तिच्यावर स्क्रूड्रायव्हर उगारला. मग तिने अर्धी गोळी कुटून दुधात घातली. पेला हातात दिला आणि मनात पाल चुकचुकली, म्हणून हा फोन.

"गोळी दोन्हींवर चालते, खरं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्या माणसाला नाही. जिवावर बेतू शकतं. अजिबात देऊ नका."

तिने फोन ठेवला. "अहो, ते द्या इकडे. दुसरं देते."

"अहो कुणाला म्हणता?" त्याने पेला छातीशी धरला. "मघाशी प्या प्या करत होतात. आता का नको?"

ती पुढे सरकली. त्याने पेला ओठांकडे नेला. नको म्हटलं की तेच करायचं, ही खोड काही डोक्याबरोबर गेली नव्हती.

ती जागीच थांबली. मग भिंतीला टेकून खाली बसली. डोक्यावरचा रुमाल घसरला.

"मिस्त्री," ती म्हणाली, "मला द्याल ते? सकाळपासून पोटात काही ठरलं नाही."

पेला ओठांपाशीच थांबला. तो तिच्या केस गेलेल्या डोक्याकडे बघत राहिला. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून तिच्याजवळ उकिडवा बसला आणि पेला तिच्या तोंडाला लावला. ती तळाच्या गाळासकट सगळं प्यायली.

"सावकाश, बाई," तो म्हणाला. तिचा रुमाल त्याने डोक्यावर नीट बसवला, मागे घट्ट गाठ मारली. "घरी कुणी आहे ना तुमचं, बघणारं?"

"आहे," ती म्हणाली.