भन्सार

"बाईंनाच विचारू," मोतीरामशेठ गाडीतून उतरत म्हणाले. "त्या खोटं बोलत नाहीत, हे तूच सांगत होतास ना स्टँडवर?"

सांगत होता खरा. अन्सारला स्वतःच्या जिभेचा असा संताप आला की ती उपटून इंदिरानगरच्या गटारात टाकावी. अठरा दिवस त्यानं मालनबाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेल्या पुंजारामला, शेठच्या ॲम्बॅसेडरमधून बुद्धाची ठिकाणं दाखवून आणली होती. वाटेत गावोगावी जकात नाके. नाकेदारानं "काय माल आहे?" म्हणायचा अवकाश, की बाई लोणच्याच्या बरणीपासून सारनाथला घेतलेल्या लुगड्यापर्यंत सगळं सांगून मोकळ्या. ही गंमत त्यानं चारचौघांत रंगवून सांगितली होती. आता ती त्याच्याच मुळावर आली होती.

आणि खिशात ती पावती होती. लुंबिनीच्या अलीकडच्या नाक्यावर मिळालेली. नाकाही नेहमीसारखाच: आडवा बांबू, डगमगतं टेबल, पेंगुळलेला माणूस. पावतीवर आपल्याच अक्षरांत 'भन्सार' लिहिलेलं. नाकेदारानं आपलं नाव चुकवलं, म्हणून अन्सार पोट धरून हसला होता. आज सकाळी त्यानं ती शेजारच्या मास्तरांना दाखवली, त्यांनाही हसू यावं म्हणून. मास्तर हसले नाहीत. "अरे, भन्सार म्हणजे नेपाळातलं कस्टम," ते म्हणाले. "तू देशाची हद्द ओलांडून गेलास."

दुपारी शेठनं गाडी नेपाळात नेली होती का, असं विचारलं, तेव्हा भीतीच्या भरात तो "नाही गेलो" म्हणून बसला होता.

भाड्याच्या गाडीचा परवाना देशापुरता. बाहेर गेली तर परवाना जातो. शेठनं स्पष्टच सांगितलं होतं, गाडी गेली असेल तर ड्रायव्हरनं मला न विचारता नेली, असं मी पोलिसांत लिहून देणार. नोकरी जाण्याची भीती होतीच, पण अन्सारला खरी धास्ती होती ती त्या अर्जाची. अन्सार नावाच्या माणसानं गाडी सरहद्दीपार नेली. कोणती सरहद्द, हे कोण विचारत बसणार?

मालनबाईंच्या घरात पौर्णिमेच्या वंदनेला गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. परतल्यापासून त्या कुणालाच काही सांगत नव्हत्या. पौर्णिमेला एकदमच सांगते, म्हणाल्या होत्या. त्यामुळे आज सतरंजीवर बसायला जागा नव्हती.

"या शेठ, बसा," पुंजारामनं खुर्ची पुढं केली.

"बसत नाही. मावशी, एकच विचारायचंय." मोतीरामशेठ उभ्यानंच म्हणाले. "माझी गाडी लुंबिनीला गेली होती का? ते नेपाळात येतं. गेली असेल तर मला याचं नाव पोलिसांत द्यावं लागेल. तुम्ही सांगाल ते मी खरं मानतो."

मालनबाईंनी अन्सारकडे पाहिलं. त्याचा हात नकळत खिशावर गेला होता. तो काढून घ्यावा, एवढंही त्याला सुचत नव्हतं. त्याला आठवत होत्या त्या लुंबिनीतल्या मालनबाई. बुद्धाच्या जन्मजागी दगडावर डोकं टेकलं ते अर्धा तास उचललं नव्हतं, आणि उन्हात त्यांच्या चपला हातात धरून तोच उभा होता. ही बाई त्या जागेबद्दल खोटं बोलेल, अशी आशा करायचीसुद्धा त्याला लाज वाटली.

"नाय गेलो," मालनबाई म्हणाल्या.

"नाही?"

"कुशीनगर केलं अन् मागं फिरलो. यांना ताप आला."

पुंजारामनं बायकोकडे पाहिलं, मग मान खाली घालून तो खोकला.

"अगं, असं कसं?" शेजारच्या आक्काबाई पुढं सरकल्या. "जाताना तर लुंबिनी, लुंबिनी करत व्हतीस! आम्ही सगळ्या त्येच ऐकायला आलोय ना?"

संपलं, अन्सारच्या मनात आलं.

"करत व्हते, आक्काबाई. नाय जमलं." मालनबाईंचा आवाज अगदी साधा होता. "मंग काय सांगू? जे पाह्यलंच नाय ते?"

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. कुणीतरी चुकचुकलं. एवढा खर्च करून गेली आणि मुख्य ठिकाणच राहिलं, असं मागून एकजण हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

मोतीरामशेठनं हात जोडले. "मावशी, वाईट वाटून घेऊ नका." बाहेर पडताना त्यांनी अन्सारच्या पाठीवर थाप मारली. "उद्या सिन्नरचं भाडं आहे. सातला ये."

गाडी गेली. अन्सार मात्र निघाला नाही. तो उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. आत जाऊन पाय धरावेत असं त्याला फार वाटलं. पण बायांच्या देखत धरले असते तर सगळंच उघडं पडलं असतं.

मालनबाईंनी मेणबत्ती लावली. ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं, तेव्हा वंदना सुरू झाली. त्या पुढं म्हणत, बाया मागून. पंचशीलातलं पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मग मालनबाई थांबल्या. अन्सारनं आत डोकावलं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मग त्यांनी पुन्हा सुरुवात केली.

"मालनबाई, हे पाचवं," आक्काबाई कुजबुजल्या. "चौथं राह्यलं. खोटं न बोलण्याचं."

"तुम्ही म्हणा," मालनबाई म्हणाल्या. "मी ऐकते."