मागची बाजू

टायरवाल्याने टेम्पोतून चारही चाकं उतरवली. तीन भिंतीला टेकवून ठेवली आणि जे चालत्या गाडीतून निखळलं होतं, ते पॉलिशवाल्यांच्या पुढ्यात पालथं टाकलं.

पॉलिशवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. गेली अकरा वर्षं नोकरी सांभाळून ते घरच्या गॅरेजात हौसेने गाडीची चाकं घासतात, रंगवतात, चमकवतात, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव. या घरात माणसांच्या आधी चाकांची तोंडं धुतली जातात, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची. अपघात झाल्यापासून ती हे सांगत नाही.

चाक पालथं पडायच्या आधी त्याच्या कडेचा ओरखडा त्यांच्या नजरेत भरला होता. बोटभर लांब, फुटपाथला घासल्याचा. त्यांना चक्क राग आला. पोरीला कितीदा बजावलं होतं, गाडी लावताना अंतर ठेव. मग आपण कशावर रागावतोय हे ध्यानात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

टायरवाला उकिडवा बसला. चाक गाडीला जिथे टेकतं, त्या मधल्या सपाट गोलावर त्याने नख लावलं. काळ्या रंगाचा पापुद्रा निघून आला. त्याखाली आणखी एक, त्याखाली प्राइमर.

"इथं रंग लावतात का कुणी, साहेब?" तो हळू आवाजात म्हणाला. "ही जागा कोरी पाहिजे. मध्ये रंग राहिला की तो चिरडतो आणि नट ढिले पडतात. बाकीच्या तीन चाकांचे नट मी नुसत्या हातानं काढले."

आपण हे कुठे बोलणार नाही, असं तो जाता जाता म्हणाला. त्याने ते चांगल्या मनाने म्हटलं होतं.

पॉलिशवाले चाकाकडे बघत बसले. मुलीला नवी नोकरी लागली म्हणून आपली गाडी त्यांनी तिला दिली होती आणि द्यायच्या आधी चाकं नव्याने रंगवली होती. पुढून सगळेच रंगवतात. त्यांनी मागूनही तीन हात दिले, कुणाला दिसणार नाही तिथे, आणि हौशी लोकांच्या ग्रुपवर त्या मागच्या बाजूचा फोटो टाकला. खाली एका अनोळखी माणसाने लिहिलं होतं की दादा, आतली जागा कोरी ठेवतात, धोका असतो. पॉलिशवाल्यांनी उत्तर दिलं, 'हत्तीचे खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे असतील, आमच्या चाकाला दोन्ही बाजू सारख्याच.' एकशेबारा लोक हसले. तो माणूस पुन्हा काही बोलला नाही.

आतून कुबडीचा आवाज आला. टेम्पो वाजलेला तिने ऐकला असणार. पॉलिशवाल्यांनी घाईघाईने चाक सुलटं केलं.

मुलगी दाराशी येऊन थांबली, मग जवळच्या स्टुलावर एक पाय ताठ पुढे ठेवून बसली. तिचा गुडघा आता वाकायचा नाही, असं डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं. ती रडली नव्हती. बसमध्ये पाय कुठे ठेवायचा, एवढंच तिने विचारलं होतं.

तिला सांगायचंच, असं त्यांनी ठरवलं. फार काही नव्हतं, एक वाक्य होतं. चूक माझी आहे, तुझी नाही. ते जिभेवर आलंही होतं, पण ती आधी बोलली.

"तो ओरखडा माझाच आहे, बाबा. फुटपाथला घासलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून चाक खडखडायला लागलं. मला वाटलं, त्यानंच झालं. तुम्हाला सांगितलं असतं तर आधी ओरखडा बघितला असता तुम्ही आणि ओरडला असता. म्हणून गप्प बसले."

"किती दिवस खडखडत होतं?"

"चार."

नट आवळायला पाच मिनिटं लागतात. पाना त्यांच्या डोक्यामागे खिळ्याला टांगलेला होता, ते चारही दिवस.

"मी तेव्हाच सांगितलं असतं तर हे झालंच नसतं ना?" ती म्हणाली. दोन महिने तिने हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. आता तिने मान खाली घातली. लहानपणी हातून काही फुटलं की ती अशीच पुढ्यात येऊन उभी राहायची आणि बोलणी खाऊन झाली की मोकळी होऊन खेळायला पळायची.

पॉलिशवाल्यांनी तोंड उघडलं.

"पुढच्या वेळी सांगत जा," ते म्हणाले.

तिने मान हलवली. डोळे पुसले. मग फळीवरचा पॉलिश पेपर काढून मागितला आणि एवढा ओरखडा तरी मी घालवते म्हणाली. तिला वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी चाक उचलून तिच्यासमोर बाकावर उभं केलं आणि ते हलू नये म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं, मागची बाजू आपल्याकडे करून.