मोटारीतली खडखड

होडीवाल्या काकू तावातावाने आल्या. "अरे, परवाच तुझ्याकडून नीट करून नेली ना मोटार? होडी हळू चालवली की नुसती खडखड! माणसं बसायला घाबरतात."

मिस्त्रीने मोटार पाण्याच्या पिंपात उभी करून चालू केली. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिला टेकवून मूठ कानाशी धरली. आवाज वरच्या झाकणाखालून येत होता. एव्हाना धक्क्यावरची चार माणसं गोळा झाली होती. सगळ्यांदेखत त्याने शेजारी बसलेल्या वडिलांवर तोंड सोडलं.

"बाबा, किती वेळा सांगितलं, माझ्या कामात हात घालू नका म्हणून! धड दिसत नाही, पण बोल्ट आवळायची हौस दांडगी! म्हणूनच माझ्या हत्यारांना निळी चिकटपट्टी गुंडाळलीय. तुमच्या पसाऱ्यात माझी नकोत."

ज्यांनी त्याच्या हातात पहिला पाना दिला होता, ते बाबा उठले. त्यांनी मोटार बंद करून झाकण काढलं. आत दहा नंबरचा पाना अडकला होता, आणि त्याच्या दांड्यावर निळी पट्टी होती.

मिस्त्रीची कानशिलं तापली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"काय निघालं रे?" काकूंनी मागून मान उंचावली.

बाबांनी पट्टीवर मूठ आवळली आणि पाना खिशात टाकला.



"माझाच पाना राहिला होता, वहिनी. पोराचं काम चोख असतं."