न शिकवलेला प्रश्न

"रडू आलं की खातेस?"

"नाही."

"अगं, इतकं तडकाफडकी नको. जरा आठवल्यासारखं कर, मग म्हण."

दवाखान्याच्या बाकावर ताई धाकटीची उजळणी घेत होती. दारामागच्या समुपदेशक बाई आज हो म्हणाल्या, तरच धाकटीचं वजन उतरवण्याचं ऑपरेशन होणार होतं. चोरून खाणं, खाऊन ओकणं असलं काही निघालं, की गाडी अडलीच. ताईला बाईंचे प्रश्न तोंडपाठ होते. याच दाराआड धादांत खोटं बोलून ती पास झाली होती आणि पोट लहान करून घेऊन घरी गेली होती.

"चोरून खाता का विचारलं, तर हसायचं. घरात एवढी माणसं, चोरणार कुठून, म्हणायचं."

धाकटी आत गेली. ताईने पिशवीतून स्टीलची बाटली काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि घोट घेतला. वितळलेलं आइस्क्रीम. घास घशाशी अडायचे, हे मात्र सुळकन उतरायचं. घरी कुणी विचारलंच, तर डॉक्टरांनी पातळ घ्यायला सांगितलंय म्हणून ती मोकळी. गेलेलं वजन निम्मंशिम्मं परत मुक्कामाला आलं होतं. तिने आणखी एक घोट घेतला.

धाकटी बाहेर आली ती डोळे पुसतच.

"काय झालं?"

"ऑपरेशन आत्ता नाही. आधी खाण्यावर उपचार."

ताईचा पारा चढला. "पोपटासारखं पढवलं होतं ना तुला? खाल्लीस ना शेवटी माती!"

"सगळं तुझंच बोलले. हसलेसुद्धा. मग त्यांनी विचारलं, तुमच्या ताई आता कशा आहेत?" धाकटीची नजर बाटलीवर गेली. "ते तू शिकवलंच नव्हतंस."

ताईने बाटली पाठीमागे धरली.

"मला रडूच आलं गं. सगळं सांगून टाकलं, माझंही आणि तुझंही. त्यांनी तुला आत बोलावलंय."

ताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी कुठेतरी हलकंही वाटलं. तिने बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि ती धाकटीच्या हातात कोंबली.

"धर. मी मागितली तरी देऊ नकोस."

ती दारापर्यंत गेली. वाजवायला मूठ उचलली. मग तशीच मागे वळली, बाकापाशी आली आणि हात पुढे केला.

"एकच घोट," ती म्हणाली.